ड्रमर मागेच का बसतो?

ड्रमर लोकांवर एक जुना विनोद आहे. "तुमच्या बँडमध्ये किती जण?" "चार म्युझिशियन आणि एक ड्रमर." हा विनोद कुणा गिटारवाल्याने केला असणार यात मला तरी शंका नाही. पण एखादा विनोद इतकी वर्षं टिकतो तेव्हा त्याच्या खाली काहीतरी खरं दडलेलं असतं. कुठल्याही बँडचा स्टेजवरचा फोटो बघा. गायक पुढे, गिटारवाले दोन्ही बाजूंना, आणि ड्रमर सगळ्यांच्या मागे, झांजांच्या आड अर्धा झाकलेला. सगळ्यात जास्त घाम त्याला येतो, आणि सगळ्यात कमी लोकांना नाव त्याचंच माहीत असतं.

या विकांताला लिहायचंय ते या फोटोच्या बरोब्बर उलट्या प्रकाराबद्दल. कल्पना करा, स्टेजवर गायक नाही, गिटार नाही, व्हायोलिन नाही. नुसती तालवाद्यं. मरिंबा, व्हायब्राफोन, टिंपनी, कोंगा, घंटा, लाकडी ठोकळे, असं बरंच काही, आणि या सगळ्यांच्या मध्ये एक साधा ड्रमसेट. ड्रमसेटवाला सोलो वाजवतोय आणि बाकीचे सात-आठ जण त्याला साथ करताहेत. यूट्यूबवर अमेरिकेतल्या कॉलेजांच्या पर्कशन ग्रुप्सचे असे कितीतरी कार्यक्रम सापडतील.

पहिल्यांदा असं काही ऐकलं की एक बाळबोध प्रश्न पडतो. सगळेच ड्रमर असताना एकाने 'सोलो' वाजवायचा म्हणजे नक्की काय? आणि बाकीच्यांनी साथ करायची म्हणजे काय? साथ करणं हेच तर ड्रमरचं काम!

या प्रश्नाचं उत्तर मला इतिहासात सापडलं. ड्रमसेट आणि तालवाद्यवृंद ही दोन्ही तशी तरुण अपत्यं, वय फार तर शंभर-सव्वाशे वर्षं. पण दोघांचा जन्म अगदी उलट कारणांनी झाला.

आधी ड्रमसेट. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत असं वाद्यच नव्हतं. लष्करी बँडमध्ये बास ड्रम एकाकडे, स्नेअर दुसऱ्याकडे, झांजा तिसऱ्याकडे. रस्त्यावरून चालत वाजवायचं तर दुसरा मार्गही नाही. पण हेच संगीत जेव्हा नाचाच्या हॉलमध्ये आणि थिएटरच्या पिटात येऊन बसलं, तेव्हा जागाही कमी आणि मालकाचं बजेटही कमी. मग 'डबल ड्रमिंग' नावाचा प्रकार आला. एकच माणूस बास ड्रम आणि स्नेअर शेजारी शेजारी ठेवून काठ्यांनीच इकडून तिकडे दोन्ही बडवायचा. तीन माणसांचं काम एकाच्या अंगावर. आमच्या धंद्यात याला 'रिसोर्स ऑप्टिमायझेशन' असं गोंडस नाव आहे.

अडचण वेगाची होती. रॅगटाइमची चाल जलद, आणि दोन्ही ड्रम दोनच हातांनी वाजवायचे तर किती पळणार? पायाने बास ड्रम वाजवायचे पेडल होते, पण ते अवजड आणि सुस्त. विल्यम लुडविग हा स्वतः थिएटरमध्ये वाजवणारा ड्रमर. त्याने चटकन मागे येणारं, जलद चालणारं पेडल बनवलं, आणि १९०९ मध्ये भाऊ थिओबाल्ड याच्याबरोबर शिकागोत कंपनी काढली. पेडलमुळे हात मोकळे झाले, आणि मोकळे हात दिसले की त्यांना काम सापडतंच. तुर्की झांजा आल्या, चिनी टॉम-टॉम आणि लाकडी ठोकळे आले, काउबेल आली. या सगळ्या लटांबराला 'ट्रॅप्स' म्हणायचे, आणि ते 'काँट्रॅप्शन' म्हणजे जुगाड याचं छोटं रूप असं सांगतात. १९२० च्या दशकात हाय-हॅट आलं, म्हणजे पायाने एकमेकींवर आपटणाऱ्या दोन झांजा. आता चारही हातापाय कामाला लागले. युरोपच्या लष्करातला ड्रम, तुर्कस्तानची झांज, चीनचा टॉम-टॉम, आणि ते सगळं एकत्र बांधून त्यातून स्विंग काढणारे अमेरिकेतले, मुख्यतः कृष्णवर्णीय, वादक. जागतिकीकरण हा शब्द रूढ व्हायच्या कितीतरी आधीचं हे जागतिकीकरण.

या ड्रमरच्या नोकरीचा एक मोठा भाग होता मूकपट. पडद्यावर घोडा धावला की टापांचा आवाज, कुणी पडला की धडाम, ट्रेन आली की शिट्टी. १९२७ मध्ये 'द जाझ सिंगर' आला, बोलपटांची लाट सुरू झाली, आणि पुढच्या काही वर्षांत थिएटरमधल्या हजारो वादकांचं काम गेलं. म्हणजे बघा, आधी तिघांच्या जागी एक आणला, आणि मग मशीन आलं तेव्हा तो एकही नको झाला. हे वाचताना माझ्या पोटात थोडं खड्डा पडल्यासारखं होतं. का ते माझ्या क्षेत्रातल्या वाचकांना सांगायला नको.

रेकॉर्डिंगनेही ड्रमरला सुरुवातीला हाकलूनच दिलं होतं. १९२३ मध्ये किंग ऑलिव्हरच्या बँडच्या गाजलेल्या रेकॉर्ड झाल्या. त्यात तरुण लुई आर्मस्ट्राँग होता, आणि ड्रमवर न्यू ऑर्लीन्सचा बेबी डॉड्स. त्या काळी मायक्रोफोन नव्हता, भोंग्यातून थेट सुई हलायची. बास ड्रमच्या दणक्याने सुई उडायची भीती. त्यामुळे डॉड्सच्या वाट्याला त्या रेकॉर्डवर जास्त करून लाकडी ठोकळे आले. त्याच्या काळातल्या एका सर्वोत्तम ड्रमरचे ड्रम आपल्याला नीट ऐकूच येत नाहीत! त्याला आपलं वाद्य एकट्याने, मोकळेपणी, मध्ये मध्ये बोलत रेकॉर्ड करायची संधी मिळाली ती थेट १९४६ मध्ये.

आता दुसरी बाजू. पाश्चात्य शास्त्रीय संगीतात तालवाद्यं म्हणजे फोडणीतली मोहरी. सिंफनीमध्ये चाळीस मिनिटं गप्प बसायचं, मग योग्य क्षणी एकदा झांज. १९३० च्या सुमाराला काही संगीतकारांना वाटलं की नुसत्या मोहरीचा पदार्थ करून बघावा. क्यूबाच्या अमादेओ रोल्दानने १९३० मध्ये फक्त तालवाद्यांसाठी दोन 'रीत्मिकास' लिहिल्या. एडगार व्हारेझने १९३१ मध्ये 'आयोनिझेशन' पुरं केलं. १३ वादक, प्रत्येकाकडे दोन-तीन वाद्यं, त्यात दोन चक्क भोंगे, म्हणजे सायरन. ६ मार्च १९३३ ला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलच्या इमारतीतल्या छोट्या सभागृहात निकोलस स्लोनिम्स्कीने त्याचा पहिला प्रयोग केला. पियानोवर हेन्री काउएल होता, जो स्वतः नावाजलेला संगीतकार. १९३९ मध्ये सिअ‍ॅटलला जॉन केजने 'फर्स्ट कन्स्ट्रक्शन' केलं, त्यात मोटारींचे ब्रेक ड्रम वाजवले. केजच्या ग्रुपमध्ये त्याची बायको झीनिया होती, मर्स कनिंगहॅम हा नर्तक होता. पैसे नव्हते, भंगारातून वाद्यं जमवायची आणि मित्रमंडळी जमवून तालमी करायच्या. १९४३ मध्ये हाच प्रकार न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये झाला आणि 'लाइफ' मासिकाने त्याचे फोटो छापले. १९५० मध्ये पॉल प्राइसने इलिनॉय विद्यापीठात तालवाद्यवृंदाला अभ्यासक्रमात जागा मिळवून दिली, आणि मग हे लोण कॉलेजा-कॉलेजांत गेलं.

गंमत बघा. ड्रमसेट म्हणजे अनेकांचं काम एकाकडे. तालवाद्यवृंद म्हणजे एकेका आवाजासाठी वेगळा माणूस, तेच काम पुन्हा अनेकांत वाटलेलं. एकाला बाजाराने घडवलं, दुसऱ्याला बाजाराची पर्वा नव्हती. आणि दोघं राहत होते एकाच शहरात! कार्नेगी हॉलमध्ये सायरन वाजले त्या दशकात तिथून काही मैलांवर हार्लेमच्या सॅव्हॉय बॉलरूममध्ये चिक वेब हा बुटका, पाठीच्या क्षयाने वाकलेला ड्रमर आपल्या सेटवरून अख्खा बँड हाकत होता. पण 'आयोनिझेशन'च्या चाळीसेक वाद्यांच्या यादीत ड्रमसेट नाही. जगभरच्या तालवाद्यांना आमंत्रण, शेजारच्याला नाही. (अगदीच नव्हतं असं नाही. मियो हे फ्रेंच संगीतकार हार्लेम ऐकून गेले आणि १९२३ च्या त्यांच्या बॅलेमध्ये त्यांनी जवळजवळ ड्रमसेटच वापरला. पण तो अपवाद.) ड्रमसेट ही नाचाच्या हॉलची वस्तू, आणि ती वाजवणाऱ्यांत अनेक जण कृष्णवर्णीय. कार्नेगी हॉलच्या मोठ्या स्टेजवर ड्रमसेट दणाणला तो १६ जानेवारी १९३८ ला, बेनी गुडमनच्या कार्यक्रमात, 'सिंग, सिंग, सिंग'मधून. वाजवणारा होता जीन क्रूपा, शिकागोचा गोरा मुलगा, जो चिक वेबला गुरू मानायचा. तो स्टार झाला यात त्याचा दोष काही नाही. पण वेब पुढच्याच वर्षी गेला. असो.

तर मंडळी, हे दोन प्रवाह एकत्र यायला कुणीतरी असा माणूस हवा होता ज्याला दोन्हीकडची भाषा येते. तो माणूस म्हणजे मॅक्स रोच.

रोच १९२४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात जन्मला, ब्रुकलिनमध्ये वाढला. विशीत असतानाच तो चार्ली पार्करबरोबर वाजवत होता. १९४५ चं 'को-को' हे पार्करचं वेगाने धावणारं रेकॉर्डिंग, त्यात ड्रम रोचचे आहेत. पण रोचच्या आधी केनी क्लार्कचं नाव घ्यायला हवं. स्विंगच्या काळात ड्रमर प्रत्येक मात्रेला बास ड्रम ठोकायचा, नाचणाऱ्यांना पाय टाकायला सोपं जावं म्हणून. क्लार्कने ताल धरायचं काम बास ड्रमवरून उचललं आणि वरच्या मोठ्या झांजेवर, म्हणजे राइड सिंबलवर, नेलं. टिंग, टिंग-ट-टिंग. बास ड्रम मग मोकळा झाला. तो मध्येच अनपेक्षित जागी 'धाड' करायला वापरता येऊ लागला. युद्धाचे दिवस होते, लोक त्याला बाँब टाकणं म्हणायचे. वरवर तांत्रिक वाटतो, पण फार मोठा बदल आहे हा. मेट्रोनोमचं काम एका झांजेला दिलं आणि उरलेल्या तीन अवयवांना बोलायला मोकळीक मिळाली.

रोचने ही मोकळीक टोकाला नेली. त्याचा सोलो ऐकताना मूळ गाण्याची चाल मनात चालू ठेवता येते. ३२ मात्राखंडांचं गाणं असेल तर सोलोही त्याच घरातून फिरतो, त्याच जिन्याने चढतो आणि उतरतो. आपल्याकडे तबला सोलो ऐकलेल्याला हे पटकन कळेल. सारंगी किंवा हार्मोनियमवर नगमा फिरत असतो, आणि त्या चौकटीवर तबलजी आपली इमारत बांधतो. चौकट दिसत असते म्हणून इमारत कळते.

१९६६ च्या 'ड्रम्स अनलिमिटेड' या अल्बमवर रोचने तीन रचना एकट्याने वाजवल्या. त्यातली 'द ड्रम ऑल्सो वॉल्ट्झेस' ही ड्रम शिकणारे आजही गिरवतात. तीन मात्रांचं एक छोटं आवर्तन बास ड्रम आणि हाय-हॅट यांवर, दोन्ही पायांनी, अखंड चालू राहतं. वर हात मोकळेपणी बोलतात. म्हणजे पाय नगमा धरतात आणि हात सोलो करतात! साथीदार तोच आणि मुख्य कलाकारही तोच.

मला यात आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. या तुकड्यांना नावं आहेत, आणि रचनाकार म्हणून मॅक्स रोच हे नाव आहे. ड्रम सोलो ही साधारण 'आता जरा ड्रमरला टाळ्या घेऊ दे' अशी जागा असते. चाल लिहिणाऱ्याला रॉयल्टी, सोलो वाजवणाऱ्याला टाळ्या. रोच म्हणत होता की ही रचना आहे, हिला नाव आहे, मालक आहे. हा माणूस हिशोबात कच्चा नव्हता. १९५२ मध्येच त्याने चार्ल्स मिंगसबरोबर स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली होती. १९६० मध्ये नागरी हक्कांच्या चळवळीवर 'वी इन्सिस्ट! फ्रीडम नाऊ स्वीट' हा अल्बम केला होता, ज्यात नायजेरियाचा ओलातुंजी आणि क्यूबन पद्धतीने वाजवणारे पर्कशनिस्ट एकत्र आहेत. तालाचं मोल आणि माणसाचं मोल हे त्याच्या लेखी एकच प्रकरण होतं.

आणि मग १९७० मध्ये त्याने 'एम-बूम' सुरू केलं.

जाझमधले सात ड्रमर. रोच, रॉय ब्रुक्स, जो चेंबर्स, ओमर क्ले, रे मंतिया, वॉरन स्मिथ, फ्रेडी वेट्स. पुढे आणखी काही आले. एकेक जण नावाजलेल्या बँडांत वाजवलेला, म्हणजे एकेका स्टेजवर मागे बसलेला. इथे मागे बसायला जागाच नव्हती, कारण पुढे कुणी नव्हतं. सगळ्यांनी सगळी वाद्यं वाजवायची. ड्रमसेट तर आहेच, पण मरिंबा, व्हायब्राफोन, झायलोफोन, टिंपनी, घंटा, कोंगा, स्टील ड्रम, आणि रॉय ब्रुक्सच्या हातात तर सुताराची करवतसुद्धा. रोच स्वतः सेट सोडून मरिंबावर जायचा. रचनाही सगळ्यांच्या. त्यांचा १९७९ चा अल्बम बघा, चेंबर्सची रचना आहे, क्लेची आहे, स्मिथची आहे, रोचच्या तर आहेतच. ज्याने सगळ्यांना गोळा केलं त्याचं नाव ग्रुपच्या नावात नाही, हेही लक्षात घेण्यासारखं.

त्या अल्बमवर मला सगळ्यात आवडतो तो 'एपिस्ट्रफी'. मूळ धून थेलोनियस मंक याची, असं आपण पटकन म्हणतो. पण रचनाकार म्हणून दोन नावं आहेत, मंक आणि केनी क्लार्क. तोच क्लार्क, राइड सिंबलवाला! एका ड्रमरने मिळून लिहिलेली धून, जी पियानो आणि सॅक्सोफोनवाल्यांनी वर्षानुवर्षं वाजवली, ती इथे ड्रमर लोक परत आपल्या घरी घेऊन येतात. धून वाजते लाकडी आणि धातूच्या पट्ट्यांवर, खालून कातडी वाद्यं बोलतात. एकही फुंकायचं वाद्य नाही, आणि मिनिटभराने त्याची आठवणही येत नाही.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. असं काही वाजवताना प्रत्यक्षात काय घडतं?

पहिली अडचण आवाजाची. ड्रमसेट हा गोंगाटी प्राणी, आणि मरिंबा हे लाकडाचं हळवं वाद्य. सेटवाला नेहमीच्या जोरात सुटला तर पट्टीवाले वादक नुसते हात हलवताना दिसतील. त्यामुळे ब्रश, मऊ टोकाच्या काठ्या, आणि मुख्य म्हणजे संयम. दुसरी अडचण आणखी मूलभूत. व्हायोलिनचा स्वर लांबतो, तालवाद्याचा आवाज बहुधा सुरू झाला की संपतो. आठ जण एकाच वेळी असे ठोके टाकायला लागले तर त्याचा खिचडा व्हायला दोन मात्रा पुरतात. म्हणून रचनाकार कातडं, लाकूड आणि धातू असे गट वेगळे ठेवतात, उंच आणि खोल आवाज वाटून देतात. एकाने भरलेली जागा दुसऱ्याने रिकामी सोडायची.

तिसरी गोष्ट कागदाची. सोलोवाल्याच्या कागदावर बऱ्याच ठिकाणी नुसत्या तिरक्या रेघा असतात, आणि वर बारीक अक्षरांत बाकीचे कुठे एकत्र ठोका देणार ते. म्हणजे, 'इथे तुला काय सुचेल ते वाजव, पण या पाच जागी आम्ही सगळे येणार आहोत.' त्या पाच जागांकडे तो कसा जातो यात सोलोची मजा. तिहाई समेवर येते का याची वाट बघणारा आपला श्रोता इथे अगदी घरच्यासारखा बसेल.

आणि चौथी, सगळ्यात महत्त्वाची. ताल कुणी धरायचा? नेहमी सगळे ड्रमरकडे बघतात. इथे ड्रमरने वृंदाकडे बघायचं. सोलो चालू असताना वृंद आपलं आवर्तन न हलता धरून ठेवतो, म्हणून सोलोवाला तालाच्या आडवं जाऊ शकतो, थांबू शकतो, मुद्दाम उशिरा येऊ शकतो. पण वृंद त्याच्यामागे जायला लागला आणि तो वृंदाच्या मागे, तर दोघंही एकमेकांची वाट बघत रेंगाळतात. प्रोग्रामर मंडळींना 'डेडलॉक' माहीत आहेच. त्यामुळे साथीदारांचं काम सोलोवाल्यापेक्षा कमी कठीण नसतं. मनाचा हिय्या करून, समोर एवढी धमाल चाललेली असताना, आपली साधी ओळ साधीच ठेवायची.

आज कॉलेजांतून वाजवल्या जाणाऱ्या रचनांमध्ये, उदाहरणार्थ डेव्हिड मॅन्सिनीचा ड्रमसेट सोलो आणि तालवाद्यवृंदासाठीचा 'स्वीट', किंवा ईस्टमन स्कूलच्या जॉन बेक यांचा ड्रमसेट आणि वृंदासाठीचा कॉन्चेर्तो, हीच मांडणी दिसते. कॉन्चेर्तो हा शब्द बघा. जो मान पियानो आणि व्हायोलिनला होता तो पेडल लावलेल्या जुगाडाला मिळाला. एम-बूममध्ये फरक एवढाच की सोलोची खुर्ची कुणा एकाची नव्हती.

या गोष्टीचा एक धागा मुंबईपर्यंतही येतो. उस्ताद अल्लारखाँ हे आयुष्याचा मोठा काळ मुंबईत राहिले. १९६८ मध्ये त्यांचा आणि अमेरिकन ड्रमर बडी रिच याचा 'रिच आ ला राखा' हा अल्बम आला, तबला आणि ड्रमसेट समोरासमोर. त्यांचे चिरंजीव, माहीममध्ये वाढलेले झाकीर हुसेन (१९५१-२०२४), तरुणपणी कॅलिफोर्नियात अली अकबर कॉलेजमध्ये शिकवायला गेले, तिथे त्यांनी विद्यार्थ्यांचा तालवाद्यवृंद उभा केला. त्यातून १९७६ चा 'दिगा' हा अल्बम झाला. त्यात तबले आहेत, कोंगा आहेत, मरिंबा आणि व्हायब्राफोन आहेत, आणि ड्रमसेटवर मिकी हार्ट. 'मॅग्निफिसंट सेव्हन्स', 'स्वीट सिक्स्टीन' अशी एकेका तुकड्याची नावं. सोळा म्हटल्यावर आपल्याला काय आठवतं ते सांगायला नको. तबल्याची कहाणीही काही फार वेगळी नाही म्हणा. साथीदार म्हणून बाजूला बसलेल्याला मध्ये आणायला अल्लारखाँ आणि त्यांच्या पिढीने आयुष्य घातलं.

एम-बूमचा तो अल्बम १९७९ चा. पुढच्याच वर्षी, १९८० मध्ये, रॉजर लिनचं एलएम-१ हे यंत्र बाजारात आलं. खऱ्या ड्रमचे आवाज साठवून ठेवलेलं, न थकणारं, न चुकणारं ड्रम मशीन. तीन माणसांच्या जागी एक, मग एकाच्या जागी बोलपट, आणि आता पुन्हा एकदा मशीन. ताल धरणं एवढंच ड्रमरचं काम असतं तर १९८० नंतर ड्रमर उरायला नको होता. अनेकांची स्टुडिओतली कामं खरंच गेली. पण सगळी कला गेली नाही, कारण क्लार्क आणि रोचसारख्यांनी तोवर दाखवून दिलं होतं की ताल धरणं ही फक्त चौकट आहे, आणि ती झांजेकडे, पायांकडे किंवा शेजारच्या सात माणसांकडे सोपवता येते. यंत्राकडेही येते. चौकट सोपवल्यावर जे उरतं ते ड्रमरचं स्वतःचं.

फ्रेडी वेट्स १९८९ मध्ये गेला. त्याचा मुलगा नशीट वेट्स ड्रमर झाला, आणि पुढे रोचने त्याला एम-बूममध्ये घेतलं. वडील ज्या ताफ्यात वाजवायचे त्याच ताफ्यात. आपल्याकडे याला घराणं म्हणतात. रोच स्वतः १९७२ पासून मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात शिकवत होता. १६ ऑगस्ट २००७ ला तो गेला तेव्हा ड्रमसेट हे 'खरं' वाद्य आहे का, हा प्रश्न विचारणारे फारसे उरले नव्हते.

मग ड्रमर मागे का बसतो? माझं उत्तर असं, की त्याला तिघांचं काम करायला तिथे बसवलं होतं, आणि त्याने ते इतकं चोख केलं की बाकीच्यांना वळून बघायची गरज पडेना. त्याला पुढे यायचं असेल तर कुणीतरी त्याच्या वाटचा ताल थोडा वेळ आपल्या हातात धरायला हवा. एम-बूमच्या सात जणांनी एकमेकांसाठी नेमकं हेच केलं.

'एपिस्ट्रफी' जरूर ऐका. हेडफोन लावून, आणि शक्यतो रविवारी सकाळी, शेजाऱ्यांच्या प्रेशर कुकरच्या शिट्ट्या सुरू व्हायच्या आत. नाहीतर त्याही वृंदात आहेत असं वाटेल.